मिठातला ‘स’ कुठे गेला?

उप्पीट तर तुम्ही खाल्लंच असेल. हे नाव आपल्याकडे कानडीतून आलं. कानडीत ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘हिट्टु’ म्हणजे पीठ. तमिळमध्येही मिठाला उप्पुच म्हणतात. तेलुगू आणि मल्याळममध्येही तेच. बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोची, कुठेही जेवायला बसा, मीठ मागायला एकच शब्द पुरतो!

आता नकाशावर बोट ठेवा आणि वर सरकत सरकत महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला या. सापडला गोंदिया? १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. इथल्या आठवडी बाजारात नुसतं उभं राहिलं तरी कान तृप्त होतात. कोणी मराठीत भाव करतंय, कोणी झाडीबोलीत, कोणी पोवारीत, कोणी हिंदीत, कोणी छत्तीसगढीत. आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांकडे गेलात, तर जंगलाकडच्या काही गावांत आणखी एक भाषा ऐकू येते. ती म्हणजे गोंडी.

गोंडी ही मराठीची बोली नाही बरं का, आणि हिंदीचीही नाही. ती तमिळ, कानडी, तेलुगू यांच्या घराण्यातली, म्हणजे द्राविड कुळातली भाषा आहे. चार मोठ्या द्राविड भाषांपैकी तेलुगू तिला सगळ्यांत जवळची. २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी असं सांगितलं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा कितीतरी राज्यांत हे लोक पसरले आहेत.

मग या गोंडीत मिठाला काय म्हणत असतील? घराणं तेच, तेव्हा ‘उप्पु’सारखंच काहीतरी असेल, असं वाटतं ना?

म्हणतात ‘सव्वोर’. काही ठिकाणी ‘सोवर’.

ऐकताना वाटतं, याचा आणि उप्पुचा काय संबंध! पण संबंध आहे, आणि तो कसा सापडला ही मला माहीत असलेल्या सगळ्यांत छान शोधकथांपैकी एक आहे. तिच्यात कुठे उत्खनन नाही की दुर्बीण नाही. फक्त माणसांचं बोलणं आणि ते मन लावून ऐकणारे कान आहेत.

पहिला धागा आकड्यांत मिळतो. गोंडीत मोजायचं तर असं: उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. झाले सात. त्यापुढे बऱ्याच ठिकाणी आता हिंदी-मराठी आकडेच चालतात. याच्या शेजारी तेलुगू आकडे ठेवू. दोन म्हणजे रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. रंड-रेंडु, मुंद-मूडु, नालुंग-नालुगु. चेहरेपट्टी कशी जुळते बघा. आता पाच आणि सहा. तेलुगूत ऐदु आणि आरु. गोंडीत सैयुंग आणि सारुंग.

दिसलं का काही? दोन्ही ठिकाणी गोंडीत सुरुवातीला ‘स’ आहे आणि तेलुगूत तिथे काहीच नाही. मिठातही तेच! सव्वोरमधला ‘स’ झाका, उरतं ‘अव्वोर’. सोवरमधला झाका, उरतं ‘ओवर’. राहिला प्रश्न प आणि व यांचा. तर स्वरांच्या मधे सापडलेला ‘प’ ढिला पडून ‘व’ होणं ही जगभरची सवय आहे. आपल्याकडे संस्कृत ‘दीप’चा ‘दिवा’ झाला, तो असाच.

एखाद्या शब्दात असा फरक आढळला, तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. पण पाच, सहा, मीठ आणि असे आणखी कितीतरी शब्द एकाच जागी एकच खूण दाखवू लागले, की भाषाशास्त्रज्ञ ताठ बसतात. त्यांनी ताडून पाहिलं आणि ठरवलं की या शब्दांच्या सुरुवातीला फार पूर्वी ‘च’च्या जवळचा एक आवाज होता. गोंडीने त्याचा ‘स’ करून तो जपला. तमिळ, तेलुगू, कानडी यांच्या वाटेवर तो गळून गेला. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एका आवाजाची खूण आजही देवरीकडच्या एखाद्या स्वयंपाकघरात मीठ मागताना ऐकू येऊ शकते, आणि ग्रंथांनी भरलेल्या त्या मोठमोठ्या भाषांत मात्र ती उरलेली नाही! मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

असा अंदाजाने बांधलेला जुना शब्द लिहिताना भाषाशास्त्रज्ञ त्याच्या आधी एक छोटा तारा काढतात. ताऱ्याचा अर्थ असा की हा शब्द कोणी लिहून ठेवलेला नाही, कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, फक्त त्याच्या नातवंडा-पतवंडांवरून ओळखलेला आहे. खरेपणाने सांगून टाकायची ही पद्धत मला फार आवडते.

पण थांबा. आवाज गळतो म्हणजे नेमकं काय होतं? हे तुम्ही आत्ता, बसल्या जागी करून पाहू शकता. तळहात ओठांसमोर धरा आणि लांब ‘स्स्स्स’ म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, हिरड्यांच्या जवळ गेलेलं असेल. मधे अगदी बारीक फट राहते, तिच्यातून हवा जोराने घुसते आणि शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज होतो. हवा चालू ठेवून आता जीभ हळूच खाली सोडा. काय झालं? ‘स’चा ‘ह’ झाला! फट मोठी झाली, धार गेली, उरला नुसता श्वास. आता तो श्वासही बंद करा. काहीच नाही. स, मग ह, मग शून्य. जिभेने जरा कमी मेहनत घेतली की ही वाट आपोआप उतरते.

तुम्ही या वाटेवरून रोज ये-जा करता, माहितीय? ‘सप्ताह’ म्हणजे सात दिवस. आणि ‘हप्ता’? तो फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ तोच, सात दिवस. संस्कृतात सात म्हणजे सप्त, फारसीत हफ्त. या दोन भाषा दूरच्या बहिणी, आणि इराणकडे गेलेल्या बहिणीच्या तोंडात ‘स’चा ‘ह’ झाला. लॅटिन आणि ग्रीकमध्येही हेच दिसतं. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्टेम, ग्रीकमध्ये हेप्टा.

गोंडीची गंमत अशी की तिच्यात ही सगळी वाट एकाच वेळी, एकाच भाषेत, नकाशावर पसरलेली दिसते. गोंदियाच्या बाजूच्या, म्हणजे उत्तरेकडच्या गोंडीत ‘सोवर’. तिथून दक्षिणेला गडचिरोली आणि बस्तरच्या डोंगराळ भागात जा, माडिया लोकांच्या बोलीत तो ‘होवर’ होतो. आणखी दक्षिणेला कोया लोकांकडे पोचलात की ‘ओवर’. माणूस गावामागून गाव चालत गेला तर त्याला एक आवाज पायाखाली विरत गेलेला ऐकू येईल!

भद्रिराजु कृष्णमूर्ती नावाचे फार मोठे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. मूळचे तेलुगू भाषक, १९२८ ते २०१२ हा त्यांचा काळ. त्यांनी गोंडीच्या वेगवेगळ्या बोलींतले शब्द समोरासमोर ठेवून या स-ह-शून्य प्रवासाचा अभ्यास केला आणि १९९८ मध्ये तो जगापुढे मांडला. एक जुना प्रश्न होता. आवाज बदलतो तो सगळ्या शब्दांत एकदम, की एकेका शब्दात? गोंडीत त्यांना दिसलं की बदल शब्दाशब्दाने पसरत जातो. आज हा शब्द बदलला, तो अजून तसाच आहे, मग काही पिढ्यांनी तोही बदलतो, आणि शेवटी सगळे शब्द नियमाने एका रांगेत येऊन उभे राहतात. जगभरच्या अभ्यासकांना पडलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्या जंगलातल्या बोली उपयोगी पडल्या.

हे सगळं एकाच ठिकाणी ऐकायचं असेल तर सालेकसा तालुक्यात जायला हवं. दरेकसा, धनेगावजवळ कचारगडची प्रचंड गुहा आहे. गोंड समाजाची ही अतिशय पवित्र जागा. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे मोठी यात्रा भरते आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, सगळीकडून लोक येतात. प्रत्येक जण आपापल्या गावची गोंडी घेऊन येतो. तुम्ही गेलात तर देवदर्शन, दुकानं, गर्दी हे सगळं बघाच, पण थोडा वेळ फक्त कान उघडे ठेवून चाला.

आता तुमच्यापैकी कोणाला गोंडी शिकावीशी वाटली असेल (मला तर तशी फार आशा आहे), तर पहिली गोष्ट ही की तुम्हाला थोडी गोंडी आधीच येते. वर्गाची हजेरी आठवा. टेकाम आडनाव आहे कोणाचं? ‘टेका’ म्हणजे सागाचं झाड. मरकाम? ‘मरका’ म्हणजे आंबा. गोंड समाजात कुळाचं झाडाशी, प्राण्याशी नातं मानतात आणि त्या झाडाला जपतात. हजेरीत रोज साग आणि आंबा ‘हजर, गुरुजी’ म्हणत होते आणि आपल्याला पत्ता नव्हता!

मग अंगावरचे शब्द घ्या. डोळा म्हणजे कन, हात म्हणजे कै, कान म्हणजे केवी. केवी हा माझा विशेष लाडका. तमिळ आणि तेलुगूत कानाला ‘चेवि’ म्हणतात. मुळात तिथे ‘क’ होता, त्या दोघींनी त्याचा ‘च’ केला. गोंडीने ‘क’ सांभाळला, कानडीनेही, तिथे किवि म्हणतात. याचा अर्थ गोंडी सगळ्यांत जुनी आणि बाकीच्या नव्या, असा मात्र घेऊ नका. प्रत्येक भाषेने काही राखलं, काही सोडलं. मासा म्हणजे मीन, पाणी म्हणजे येर, झाड म्हणजे मरा. हे एवढे शब्द घेऊन तुम्ही नवेगावबांधच्या तलावाकाठी उभे राहिलात तर समोर दिसणारं बरंचसं गोंडीत सांगता येईल.

व्याकरणात एक वळण येतं, तिथे जरा सावकाश. मराठीत तो आला, ती आली, ते आलं अशी तीन रूपं. गोंडीत दोनच. पुरुषासाठी ‘वोर वातोर’, म्हणजे तो आला. बाकी सगळ्यांसाठी ‘अद वाता’. आई आली, गाय आली, आगगाडी आली, सगळं वाताच! मराठी मुलाला हे सोपं जाईल, कारण एक रूप कमी पाठ करायचं. मराठी शिकणाऱ्या गोंडी मुलाचा विचार करा. त्याला टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का, हे सगळं डोक्यात बसवावं लागतं. पहिलीच्या वर्गात तो ‘आई आला’ म्हणाला, तर तो चुकत नसतो, तो एक फार कठीण काम करत असतो. त्याला हसू नका. त्याला विचारा, तुझ्याकडे कसं म्हणतात?

आणि कानांचं काय? नवी भाषा आधी कानात शिरावी लागते. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हीतला फरक छान कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. आणि मोठ्या इंग्रजी माणसांना? बहुतेकांना दोन्ही सारखेच वाटले. बाळाचा मेंदू जन्मतः जगातल्या जवळजवळ कुठल्याही भाषेला तयार असतो. मग घरात जे ऐकू येतं त्यावर तो लक्ष एकवटतो आणि बाकीचे फरक मागे टाकतो. सरावाने ते पुन्हा शिकता येतात, पण मेहनत पडते. मराठी मुलांना गोंडी शिकताना ही मेहनत फार नाही. ट आणि त दोन्ही आपल्या कानात पक्के आहेत, आणि गोंडीचे बहुतेक आवाज देवनागरीत लिहिता येतात.

मेहनत कशी असते ते बघायचं तर नायजेरियातली योरुबा भाषा घ्या. तिच्यात आवाज उंच, मधला किंवा खालचा ठेवला की शब्दाचा अर्थच बदलतो. ‘इग्बा’ या एका शब्दाचे सूर बदलत गेलं की कधी दोनशे, कधी भोपळ्याचं भांडं, कधी वेळ, तर कधी वांगं! शिवाय त्यातला ‘ग्ब’ हा आधी ग मग ब असा नाही, दोन्ही एकाच क्षणी. घशाशी ग आणि ओठांवर ब, एकदम सोडा. जमतंय? योरुबात एकोणीस म्हणजे ‘विसाला एक कमी’, आणि पंधरा म्हणजे ‘विसाला पाच कमी’. आपल्या एकोणीसचा अर्थही अगदी तोच, एक उणे वीस. इतक्या दूरच्या भाषेत असं ओळखीचं काही भेटलं की शिकणाऱ्याला केवढा धीर येतो!

शब्द लक्षात ठेवायचे तर एक युक्ती शास्त्रज्ञांनी दिली आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये लिहून ठेवलं की पाठ केलेलं सगळ्यांत जास्त विसरतं ते पहिल्या काही तासांत, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका रात्रीत पन्नास शब्द घोकण्यापेक्षा पाच शब्द आज, तेच उद्या सकाळी, तेच दोन दिवसांनी, तेच आठवड्याने म्हणावेत. शाळेच्या वाटेवर झाडं मोजत ‘उंदी, रंड, मुंद’ म्हणत गेलात तरी काम झालं.

लिहून घ्यायला देवनागरी चालेल. पण गोंडीच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी एक लिपी तयार केली. तेलंगणातल्या गुंजाळा गावात तर दुसऱ्याच एका गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या अक्षरांना संगणकासाठी नंबर देणारी यादी. तिच्यात अक्षर आलं की ते फोनवर लिहिण्याची वाट मोकळी होते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाही सुरू केली. एका गावाने ठरवलं की आपल्या मुलांनी आपल्या भाषेत शिकायचं! गोंदिया जिल्ह्यात मात्र अनेक घरांत गोंडी आता फक्त आजी-आजोबांना येते आणि नातवंडांना नुसती कळते. म्हणूनच तुम्ही विचारायला जाणं फार मोलाचं आहे. पाहुण्या मुलाने हौसेने विचारलं, की घरातली मुलंही कान टवकारून बसतात.

तर एक वही करा. शब्द लिहा, त्याच्यापुढे सांगणाऱ्याचं गाव लिहा, कारण गाव बदललं की उच्चार थोडा बदलेल आणि तोच तर आपला खजिना आहे. मीठ, पाच, सहा हे तीन शब्द प्रत्येकाला विचारा. दोन वर्षांत तुमच्याकडे असा नकाशा तयार होईल, जो बघायला एखादा प्राध्यापकही आनंदाने येईल. सांगणारी आजी असेल तर आधी हात जोडून ‘सेवा जोहार’ म्हणा, मग विचारा. मित्राला विचारायचं तर सुरुवात नावापासून करा: ‘नीवा परोल बतल?’ तुझं नाव काय? नाव तुम्हाला आधीच माहीत आहे, तरी विचारा. तो उत्तर देईल, तुमचा उच्चार सुधारेल, आणि मग लगेच त्याच्याकडून दुसरं वाक्य मागून घ्या.